अंथरूण कोणी आखूड केले?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्यापैकी ज्याने लहानपणी ऐकली नाही असा माणूस विरळा. माझ्या आजीच्या तोंडी ती दिवसातून एकदा तरी यायचीच. नव्या चपलांचा हट्ट धरला की ही म्हण, दुसऱ्याच्या घरी पाहिलेल्या वस्तूचे नाव काढले की ही म्हण. उमरखाडीच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही सात माणसे निजत होतो, त्यामुळे आमच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. रात्री कोणी पाय पसरला तर तो दुसऱ्याच्या पोटात जाई! या म्हणीने आमच्या पिढीला कर्जापासून आणि हावरेपणापासून वाचवले. परक्या देशात येऊन आपण थोडक्यात संसार उभे केले, त्यातही तिचा वाटा आहे. म्हणून तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु अलीकडे दिमोनाचा हिवाळा पाहताना एक प्रश्न मनात वारंवार येतो, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण शिवणाऱ्यानेच अंथरूण आखूड शिवले असेल तर? तेव्हाही पाय आखडून घेणाऱ्याची स्तुती करून आपण मोकळे व्हायचे, की अंथरुणाकडे पाहायचे?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तो आमच्या जिन्यात, एका मजल्याच्या अंतरावर सापडला. आणि त्यात माझा स्वतःचा दोष आहे, म्हणून आधी तो सांगतो.

आमची इमारत साठीच्या दशकातली. खाली उघडे खांब, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडे, आणि माथ्यावर सपाट गच्ची. असे शिकून आपल्या वाचकांना नवे नाहीत. बेर शेव्हा, अश्दोद, लोद, किर्यात गात, कुठेही जा, आपल्या समाजाचे अर्धे आयुष्य अशाच जिन्यांत गेले आहे. आमच्या आठ बिऱ्हाडांपैकी सहांनी आपापली घरे विकत घेतली. दोन अजून सरकारी भाड्याची आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, पेणकडच्या एक मावशी राहतात. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हेत, पण जिन्यातली सगळी मुले-माणसे त्यांना मावशीच म्हणतात. यजमान इथल्या कापड गिरणीत होते, ते वारून बरीच वर्षे झाली. मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या. त्यांचे घर भाड्याच्या दोहोंपैकी एक.

सात वर्षांपूर्वी गच्ची गळू लागली आणि वाद बायितची बैठक भरली. कंत्राटदाराने दोन हिशेब दिले. एक, फक्त गळती बुजवण्याचा. दुसरा, साऱ्या गच्चीवर फोमचा थर फवारून त्यावर पांढरा लेप देण्याचा, म्हणजे गळतीही थांबेल आणि थंडी-उकाडाही अडेल. दुसरा हिशेब पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट होता. मी उठून बोललो. मला बोलायची सवय आहे, लोक ऐकूनही घेतात. मी म्हणालो, गळती ही सगळ्यांची अडचण आहे, ती बुजवू. पण थंडी-उकाडा हा वरच्या मजल्याचा प्रश्न आहे, तिसऱ्या मजल्यावर आम्हांला तो जाणवत नाही. मग सगळ्यांनी तिप्पट पैसे का भरावे? मते मोजली, पाच विरुद्ध तीन. पाचांत माझा हात होता. मावशी शाल गुंडाळून कोपऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे बाळा, मला काही होत नाही. आपण कोकणातली माणसं, आपल्यालाच थंडी सोसत नाही, त्याला घर काय करील?"

हे वाक्य मला त्या दिवशी फार सोयीचे वाटले.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. बितुआह लेउमीचे एक पत्र वाचून दाखवायला मावशींनी मला वर बोलावले. संध्याकाळचे सात वाजले असतील. दार उघडले तेव्हा त्यांच्या अंगात बाहेर जायचा कोट होता. मी विचारले, "मावशी, कुठे निघालात?" त्या हसून म्हणाल्या, "कुठे नाही, घरातच आहे." दिवाणखान्याचे दार बंद होते आणि दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबले होते. पलंग लहान खोलीत आणला होता. तिथे सळीचा हीटर लाल होऊन जळत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर खुर्ची. भिंतीवरच्या कॅलेंडरला छोटा तापमापक होता, त्यात १३ अंश दिसत होते. पत्र वाचून झाल्यावर मी दिवाणखाना पाहू का म्हणून विचारले. त्यांना ते आवडले नाही, पण नाही म्हणवले नाही. आत उत्तरेच्या भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत काळी बुरशी चढली होती. यजमानांचा फोटो त्यांनी तिथून काढून आधीच कपाटात ठेवला होता. "हनुक्कापासून पेसाहपर्यंत ही खोली मी बंदच ठेवते," त्या म्हणाल्या. "एकटीला किती जागा लागते?"

मी एक जिना उतरून घरी आलो. माझ्या घरात हीटर लावलेला नव्हता. तापमापक आणून पाहिले तर १९ अंश.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकच इमारत, एकच सिमेंट, एकच आकाश. मग सहा अंशांचा फरक कुठून आला? उत्तर साधे होते आणि शरमेचेही होते. माझ्या खाली एक घर आहे, वर एक घर आहे, मधे मी आहे. माझ्या घरातली ऊब छतातून वर मावशींकडे जाते, आणि मावशींची ऊब उघड्या गच्चीतून आभाळात जाते. नेगेवच्या निरभ्र रात्री गच्ची झपाट्याने थंड होते. ती थंडी आधी मावशींना लागते आणि त्यांच्या घरात अडते, म्हणून माझ्यापर्यंत पोहोचत नाही. मी बैठकीत म्हणालो होतो की तिसऱ्या मजल्यावर थंडी जाणवत नाही. ते खरेच होते, कारण मावशींचे घर हे माझे पांघरूण होते. मी ते पांघरून निजत होतो, आणि पांघरुणाला थंडी वाजते का हा माझा प्रश्न नाही असे सांगत होतो.

आता या दुखण्याचे नाव पाहू. इंग्लंडमध्ये ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिले आणि इंधनाची गरिबी ही कल्पना रूढ केली. घर पुरेसे उबदार ठेवायला ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागतो, ते कुटुंब या गरिबीत आहे, अशी ढोबळ मोजणी त्यातून पुढे आली. या गरिबीची कारणे तीन : उत्पन्न कमी, इंधन महाग आणि घर वाईट. पहिली दोन कारणे आपल्याला चटकन कळतात, कारण ती बिलावर दिसतात. तिसरे बिलावर दिसत नाही. ते भिंतीत असते.

आमच्या भिंती आणि छप्पर काँक्रीटचे. काँक्रीट वजन उत्तम पेलते, पण उष्णता अडवायला ते अगदी कुचकामी. पाच सेंटिमीटर फोमचा थर जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला सुमारे तीन मीटर जाडीचे काँक्रीट लागेल. आमच्या गच्चीचा स्लॅब वीतभरही जाड नाही. त्यात चौथा मजला वरून उघडा, पहिला मजला खांबांमुळे खालून उघडा, खिडक्यांना एकेरी काच. अशा घरात हीटर लावणे म्हणजे गळक्या बुधल्यात तेल ओतणे. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बुधला गळत असेल तर तो आधी सांधायचा, की रोज थोडे जास्त तेल गाळायचे, हे त्या तेल्यांना कोणी शिकवायला नको होते.

मावशींना मदत मिळत नाही असे नाही. हिवाळ्यासाठी बितुआह लेउमीकडून वर्षातून एकदा अनुदान येते. विजेच्या बिलात महिन्याच्या पहिल्या ४०० युनिटांवर निम्मी सवलत आहे. मी कागदावर हिशेब केला. दोन किलोवॉटचा सळीचा हीटर दिवसाला आठ तास लावला तर १६ युनिट, महिन्याला ४८०. म्हणजे दिवा, फ्रीज आणि चूल धरण्याआधीच, एकट्या हीटरने सवलतीची हद्द ओलांडली. आणखी एक गोष्ट. माझ्याकडे मझगान आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणतो, म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांइतकी ऊब देतो. सळीचा हीटर एका युनिटात एकच युनिट ऊब देतो. मझगान घ्यायला आणि बसवायला एकरकमी पैसे लागतात, सळीचा हीटर बाजारात स्वस्तात मिळतो. तेव्हा ज्याच्याकडे पैसे आहेत तो ऊब स्वस्तात विकत घेतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो तीच ऊब तिप्पट भावाने घेतो. पूर्वी रॉकेलच्या शेगड्या होत्या, त्यांचीही हीच कथा. एक लिटर रॉकेल जळले की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ खोलीत सुटते; ती थंड भिंतीवर जाऊन बसते आणि तिथे बुरशी धरते. विषारी धुराची भीती वेगळीच.

"हा तर गरम देश, इथे कसली थंडी?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मलाही तसेच वाटे. दिमोना पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे हे सोडून देऊ. युरोपात तुलना करून पाहिली गेली तेव्हा हिवाळ्यातले जादा मृत्यू फिनलंडसारख्या बर्फाच्या देशापेक्षा पोर्तुगालसारख्या उबदार देशात प्रमाणाने अधिक निघाले. कारण उघड आहे. जिथे थंडी मोठी तिथे घरे थंडी धरून बांधतात. जिथे थंडी थोडी तिथे तिला कोणी जमेस धरीत नाही, आणि ती गुपचूप घरात शिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असे सांगितले. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्याहून जास्त हवेत. मावशींच्या खोलीत हीटर लावून १३ होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आखूड अंथरुणाचा दोष कोणाचा?

घरे बांधणाऱ्यांवर मी राग धरीत नाही. मे १९४८ पासून १९५१ अखेरपर्यंत सुमारे सात लाख माणसे या देशात आली, इथल्या ज्यूंची संख्या साडेतीन वर्षांत दुप्पट झाली. लोक मआबाऱ्यांत तंबूंखाली राहत होते. त्यांच्या डोक्यावर छप्पर घालणे हेच तेव्हाचे कर्तव्य. १९५५ मध्ये दिमोना वसले तेव्हाही आणि पुढे आपल्यासारखे लोक आले तेव्हाही हीच घाई होती. तंबूतल्या माणसाला पक्के छप्पर देणाऱ्याने छपराखाली फोम का घातला नाही, असे विचारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु घाईत केलेले काम घाई संपल्यावर पुरे करायचे असते. १९८०च्या दशकात या देशाने नव्या घरांना उष्णतारोधनाचे प्रमाण लावले, ते प्रमाण क्रमांक १०४५. याचा अर्थ, अशा भिंती पुरेशा नाहीत हे देशाला तेव्हाच कळले होते. नवे घर नियमात आले, जुने जसेच्या तसे राहिले. १९७०च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या वस्ती-सुधारणा योजनेत काही वस्त्यांची डागडुजी झाली, नाही असे नाही. २००५ साली जुन्या इमारती भूकंपासाठी बळकट करण्याची जी मोठी योजना आली, तिचा खर्च वर वाढवलेले मजले विकून निघत असे. म्हणून ती जिथे जमीन महाग तिथे चालली, आणि आमच्यासारख्या गावी, जिथे गरज होती पण भाव नव्हता, तिथे कोणी बिल्डर फिरकला नाही. पुढे ती योजनाही गुंडाळण्याचे ठरले.

याच देशात याच्या उलट उदाहरणही आहे, आणि तेही आमच्याच गच्चीवर. १९५०च्या दशकात वीज इतकी तोकडी होती की रात्री पाणी तापवण्यावर बंदी आली होती. तेव्हा लेवी यिस्सार या अभियंत्याने उन्हावर पाणी तापवणारे यंत्र तयार केले. १९७३च्या युद्धानंतर तेलाचे भाव भडकले, आणि १९८० मध्ये सरकारने नियमच केला की नव्या निवासी इमारतीवर दूद शेमेश असलाच पाहिजे. फार उंच इमारतींना तेवढी सूट. आज श्रीमंताच्या घरी ऊनपाणी आहे तसे मावशींच्याही घरी आहे. दूद शेमेशबद्दल मावशींना कधी कोणाचे आभार मानावे लागले नाहीत, अर्ज करावा लागला नाही, आपली गरिबी सिद्ध करावी लागली नाही. कर्तव्य बांधणाऱ्यावर टाकले, आणि दानाचा प्रश्नच उरला नाही. ज्या गच्चीवर टाक्यांसाठी नियम होऊ शकतो, त्याच गच्चीच्या थंडीसाठी मात्र दरवर्षी अनुदानाची वाट पाहावी लागते. हा फरक निसर्गाने केलेला नाही, आपण केलेला आहे.

आपल्या तोराहने या बाबतीत काय दिशा दाखवली आहे हे पाहिले तर मोठे नवल वाटते. गरिबाने कर्जापोटी आपले पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्यास्तापूर्वी ते त्याला परत करावे, अशी आज्ञा आहे. आणि कारणही तिथेच दिले आहे, की त्याच्याजवळ दुसरे नाही, तो रात्री कशात निजेल? वास्तविक सावकार कायद्याने बरोबर होता. त्याने पैसे दिले होते, गहाण रीतसर होते. गरिबाला थोडी थंडी सोस, अंथरूण पाहून पाय पसर, असे तोराह सांगू शकली असती. तिने ते सांगितले नाही. तिने ज्याच्या हाती पांघरूण होते त्याला उठवून गरिबाच्या दारी पाठवले, आणि तेही अंधार पडण्यापूर्वी.

दुसरी आज्ञा तर थेट गच्चीचीच आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. इथेही तोच कल आहे. पाहुण्यांनो, गच्चीवर जपून चाला, असा उपदेश तिथे नाही. बांधणाऱ्याला सांगितले आहे. ज्या काळी माणसे गच्चीवर निजत-बसत, त्या काळी घरातला धोका कडेवरून पडण्याचा होता. आज आमच्या गच्चीवर कोणी निजत नाही, तिच्याखाली निजतात, आणि धोका वरून उतरणाऱ्या थंडीचा आहे. मला तरी वाटते की गच्चीवरचा फोम हा आजचा कठडाच आहे.

रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची, मन मारून दिलेले दान. सर्वांत वरची, माणसाला पुन्हा मागावेच लागू नये असे त्याला उभे करणे. दरवर्षीचे अनुदान वाईट नाही, ते बंद करा असे मी कधीही म्हणणार नाही. पण ते दर हिवाळ्याला मावशींना पुन्हा मागणारी करते. गच्ची एकदा झाकली की ती त्यांना पुन्हा हात पसरायला लावीत नाही. दोन्हींत पैसे लागतात. पायरी मात्र वेगळी आहे.

यावर तीन आक्षेप मी स्वतःच घेतले होते, म्हणून त्यांची उत्तरे देणे माझ्याकडे लागते.

पहिला आक्षेप : आपण याहून कमी सुखात दिवस काढले. खरे आहे. पण कोकणातल्या आपल्या घराला मातीची भिंत होती, कौलांचे उतरते छप्पर होते, ते त्या हवेसाठीच बांधले होते. तिथला पाऊस उबदार. इथे पाऊस आणि थंडी एकदमच येतात, आणि घर कोणत्याच हवेसाठी बांधलेले नाही. आपण गरीब होतो, पण घराशी आपले भांडण नव्हते.

दुसरा आक्षेप : पैसे कोणी भरायचे? घर सरकारी असेल तर मालकाने, म्हणजे सरकारने, यात मला शंका वाटत नाही. १९९८ च्या कायद्याने भाडेकरूंना सरकारी घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ते चांगले झाले. पण घराबरोबर घराचे दुखणेही आपल्याकडे आले, आणि एकाच जिन्यात काही मालक, काही भाडेकरू अशी खिचडी झाली. मालक म्हणतात सरकार करील, सरकार म्हणते शेजारी तयार नाहीत. अशा वेळी कोणीतरी एकाने पहिल्यांदा "माझा वाटा मी भरतो" म्हणावे लागते. आमच्या जिन्यात ते म्हणायला हवे होते मी, आणि मी उलटे म्हणालो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड : मावशी स्वतःच तक्रार करीत नाहीत. त्या म्हणतात मला काही होत नाही. मग दुसऱ्याने का बोलावे? आपल्या समाजात कमी मागणाऱ्याला मान आहे आणि तो असावा. परंतु ज्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचे मदतीवाचून चालणारच नाही, त्याने अभिमानापायी ती नाकारू नये, हे रामबामने फार कठोर शब्दांत बजावले आहे. आणि मला त्यापुढे असे वाटते की मावशींचा तो निव्वळ अभिमान नव्हता. त्यांनी खरोखरच मानले होते की दोष त्यांच्या अंगाचा आहे, कोकणातल्या रक्ताचा आहे. घराचा दोष त्यांनी आपल्या हाडांवर घेतला होता. चाळीस वर्षे ज्याला सांगितले जाते की तुझे पाय लांब आहेत, तो शेवटी आपल्या पायांचीच लाज धरतो. अशा माणसाचे समाधान पाहून आपण समाधानी होणे, हा मला आता मोठा अपराध वाटतो.

२०२२ च्या जानेवारीत इथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की गरिबीमुळे किंवा आजारामुळे बिल न भरू शकणाऱ्याची वीज सरसकट तोडता येणार नाही, त्यासाठी नवे निकष ठरवले पाहिजेत. वीज ही चैन नसून माणसासारखे जगण्याचे साधन आहे, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण वीज चालू राहिली आणि ऊब छतातून निघून गेली, तर निम्मेच काम झाले.

पुढे काय झाले ते सांगून संपवतो. पुढच्या बैठकीत मी उठलो आणि माझे आधीचे म्हणणे चुकले असे सांगितले. दोन्ही तापमापकांचे आकडे वाचून दाखवले. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी, मोरोक्कोहून आलेले, एकदम म्हणाले, "मग तू आम्हांला तेव्हा का अडवलेस?" त्यावर मला उत्तर नव्हते. भाड्याच्या दोन घरांचा वाटा मिळवायला अठरा महिने पत्रव्यवहार करावा लागला. शेवटी तो मिळाला, आणि एका सप्टेंबरात, पावसाच्या आधी, चार दिवसांत गच्चीचे काम झाले. चार दिवसांचे काम! त्यासाठी मावशींनी इतके हिवाळे कोट घालून काढले होते.

त्या हिवाळ्यात त्यांचे घर काही ऊनऊन झाले नाही. भिंती आहेत त्याच आहेत, काचा एकेरीच आहेत. पण हीटर थोडा वेळ लावला तरी दिवाणखान्यात १७-१८ अंश राहू लागले. बुरशी घासून भिंत रंगवली, यजमानांचा फोटो पुन्हा वर गेला. आणि तू बिश्वातला मावशींनी निरोप पाठवला की यंदा एलियाहू हन्नाबींचा मलिदा त्यांच्याकडे. कित्येक वर्षांत त्यांनी हिवाळ्यात कोणाला घरी बोलावले नव्हते. कारण आम्ही वयाचे समजत होतो. त्या दिवशी दिवाणखान्यात अठरा माणसे बसली होती. पोह्यांचे ताट मधे होते. मावशी साध्या साडीत वावरत होत्या, कोट खुंटीला होता. मला वाढताना म्हणाल्या, "सरकून बस जरा, पाय मोकळे कर, जागा आहे."

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या जिन्यात, नाहीतर नात्यात, वरच्या किंवा खांबावरच्या मजल्यावर एखादी मावशी, एखादे काका असतील. पहिला पाऊस पडण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन या. "थंडी वाजते का?" असे मात्र विचारू नका, त्याचे उत्तर "नाही" हेच येईल, आपल्या माणसांचे उत्तर तेच असते. त्यांना इतकेच विचारा, की हिवाळ्यात तुम्ही कोणत्या खोलीत निजता? आणि बाकीच्या खोल्यांची दारे उघडून पाहा.